दोरीपाशी उरलेली जोडी

सांगते, ऐका. पण मध्येच उठले तर रागावू नका. सूर्य खाली उतरायला लागला की मला एका जागी बसवत नाही. ती बघा, बांबूंना बांधलेली निळी दोरी, इथून पार त्या खडकांपर्यंत. त्या दोरीपाशी एक जरी चप्पल उरलेली दिसली ना, तर माझा जीव खालीवर होतो. नवरा घरून ओरडतो, "शकु, चौपाटी काय तुझ्या बापाची आहे काय गं?" नाय रे बाबा, बापाची नाय. पण हा घोर मला एका बाईने लावला आणि आता तो जाता जात नाही.

मी इथलीच, तिवरपाड्याची. मनोरीच्या पुढचं कोळ्यांचं गाव आमचं, सासर-माहेर दोन्ही एकाच पाड्यात. नवरा सीताराम होडीवर जातो. मी आधी मासळी घेऊन बोरिवलीच्या बाजारात बसायचे, मग गुडघे कुरकुरायला लागले तशी टोपली खाली ठेवली आणि चौपाटीवर पत्र्याच्या न्हाण्या उभ्या केल्या. खाऱ्या पाण्यातून माणूस बाहेर आला की अंग चिकट, वाळू नको तिथे शिरलेली. त्याला गोड्या पाण्याची बादली आणि आडोसा द्यायचा, एवढाच माझा धंदा. सुट्टीच्या दिवशी मार्व्याहून होड्या भरभरून माणसं उतरतात. नुसता कल्ला असतो. पोरं पाण्यात, आया काठावर, बाप फोनवर.

संघमित्रा पहिल्यांदा आली तेव्हा मला ती अजिबात आवडली नव्हती, खरं तेच सांगते. चौपाटी सांभाळायचा ठेका कुठल्याशा कंपनीला मिळाला होता आणि त्यांनी ही बाई मॅनेजर म्हणून धाडली. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी आणि पायात चकचकीत काळे बूट. वाळूत बूट! आमच्या पोरी तोंडावर हात ठेवून हसत होत्या. चालायची तर पायाला भिंगरी लावल्यासारखी. या टोकाकडून त्या टोकाला, तिथून परत इकडे. मी म्हटलं, "मॅडम, बसा की जरा. चौपाटी कुठे पळून नाय चालली."

"चौपाटी नाही हो पळत," ती म्हणाली, "माणसं पळतात." आणि निघाली पुढे.

पहिल्याच आठवड्यात माझ्यासमोर येऊन उभी. "ताई, या न्हाण्या इथून हलवा. लाइफगार्डला पाण्याकडे धावायला वाट नाही."

झालं, माझं डोकंच फिरलं. "अगो बाई, कालची आलीस आणि मला हलवतेस? माझा आजा इथे जाळी सुकवायचा!" अशी झापली तिला की घोडेवालेसुद्धा घोडे थांबवून ऐकायला लागले. तिने सगळं ऐकून घेतलं. फक्त एक पाय सारखा हलत होता, तो चाळाच होता तिचा. माझं ओरडून झाल्यावर म्हणाली, "अनंता लाइफगार्ड तुमचा भाऊ ना? उद्या पाण्यातून कोणी हाक मारली तर तो तुमच्या पत्र्याला वळसा घालून जाणार. तेवढ्यात तिकडचा माणूस गेलेला असेल."

सीतारामला बोलावलं, पत्रे उचकटले आणि न्हाण्या मागे, आता आहेत तिथे आणल्या. राग गेला नव्हता. पण वासे उचलायला ती स्वतः आली, खांद्याला सालपटं निघाली तरी सोडून गेली नाही, ते मात्र मी बघितलं.

अनंता माझा धाकटा. आई गेली तेव्हा तो एवढासा होता. मीच भरवला, मीच बदडला, मीच शाळेत घातला. भाऊ कमी आणि पोरगा जास्त. त्याला लाइफगार्डची नोकरी लागली तेव्हा मी पाड्यात पेढे वाटले, आणि त्याच दिवसापासून तो घरी येईपर्यंत मी दार लावत नाही. दुसऱ्याचा जीव वाचवायला जाणाऱ्याच्या घरच्यांचं काय होतं ते कोणी विचारत नाही.

त्या वर्षी पावसाळा संपून गर्दी सुरू झाली होती. मुलुंडहून एक मुलगा आला, कॉलेजातला, एकटाच. कधी आला, कधी पाण्यात उतरला, कोणीच पाहिलं नाही. संध्याकाळी शिट्टी झाली, माणसं बाहेर आली, चौपाटी रिकामी झाली, आम्ही घरी जाऊन जेवलो. त्याच्या चपला वाळूत पडून होत्या. त्यातली एक कुत्र्याने ओढून नेली होती, तीसुद्धा कोणी बघितली असेल तर काय वाटणार? समुद्रावर चपला पडलेल्याच असतात. पोरगा नंतर खाडीच्या तोंडाशी सापडला.

त्याची आई आली. मला वाटलं, आता ही संघमित्राची गचांडी धरणार. तिने आवाजसुद्धा चढवला नाही. एवढंच विचारलं, "त्याला शोधायला कोणी गेलं होतं का हो?"

कोणी गेलं नव्हतं. जाणार कसं? तो आत आहे हेच कोणाला माहीत नव्हतं.

त्यानंतर संघमित्रा माझ्या न्हाणीमागे येऊन उभी राहिली. रडत नव्हती, पण टोपी काढून नुसती पिळत होती. मीच पाण्याचा तांब्या पुढे केला. तेव्हा पहिल्यांदा ती माझ्याशी धड बोलली. आईवडील वाशीमकडून चेंबूरला आलेले, वडील झाडूखात्यात होते, बाबासाहेबांच्या फोटोखाली बसवून तिघी बहिणींचा अभ्यास घ्यायचे. आता ती आईला घेऊन जोगेश्वरीला राहते. "पोहता येतं का?" मी विचारलं. "छे," म्हणाली, "पाणी मला बादलीतलंच बरं." मग एकदम म्हणाली, "शकुताई, याच्या आधी मी घाटकोपरला एका मॉलच्या पार्किंगवर होते. गाडी आत आली की टोकन, गाडी गेली की टोकन परत. बंद करताना एक गाडी जरी उरली तरी आम्ही मालकाला शोधून काढायचो. अख्खा मॉल पालथा घालायचो. आणि इथे माणूस उरला तर कळत नाही? गाडीची किंमत आहे आणि माणसाची नाही?"

त्यातून ही दोरी आली. नियम सोपा. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं असेल तर चपला दोरीपाशी काढायच्या. बाहेर आलं की घालायच्या. संध्याकाळी शिट्टी झाली की दोरी रिकामी व्हायला पाहिजे. नाही झाली, तर कोणीतरी अजून आत आहे.

लोक काय लगेच ऐकतात? "चप्पल चोरीला गेली तर तू देणार काय?" म्हणून भांडायचे. तर हिने काय करावं? दोरी बरोबर माझ्या न्हाण्यांसमोरून नेली आणि मला म्हणाली, "तुम्ही बसता इथे दिवसभर, नजर ठेवा. चपला घ्यायला माणूस तुमच्या दारातच येणार, अंघोळीलाही तिथेच शिरेल." बिलंदर बाई! मला मॅनेजरीण करून टाकली आणि गिऱ्हाईकही वाढवून दिलं. कोणी अनवाणी आला तर ती त्याला माझ्या न्हाणीतली जुनी स्लीपर द्यायची. "ही ठेवा दोरीपाशी आणि मग जा," म्हणायची. लोक तिला वेडी म्हणायचे. मीपण म्हणायचे. पण सवय लागली लोकांना. आल्या आल्या पोरं स्वतःहून विचारायला लागली, दोरी कुठे आहे म्हणून.

आणि मग ती शनी अमावास्या आली.

शनिवार, त्यात अमावास्येचं उधाण. दुपारी पाणी पार वर चढलेलं आणि उतरायला लागलं ते असं खेचत होतं की काठावर उभं राहिलं तरी पायाखालची वाळू सरकत होती. संघमित्राने लोकांना लवकरच बाहेर काढलं. दोरी रिकामी होत गेली, होत गेली आणि एक जोडी उरली. तपकिरी, चामड्याची, पुरुषाची. घसा बसेपर्यंत ओरडलो आम्ही. भोंग्यावरून सांगितलं. कोणी येईना.

संघमित्राने अनंताकडे बघितलं. अनंताने लाल ट्यूब खांद्याला अडकवली आणि आत शिरला. त्याचा जोडीदार कृणाल काठावरून दिशा दाखवत होता. पहिल्यांदा अनंता दिसत होता. मग फक्त ट्यूब दिसत होती. मग तीही दिसेना.

काय सांगू तुम्हाला. मी कमरेपर्यंत पाण्यात गेले, लुगड्याचा बोंगा झाला, कृणालने मागून धरून ठेवली. "अनंता! अरे अनंता!" आवाज कुठे पोचतोय? संघमित्रा काठाने इकडून तिकडे धावत होती, शिट्टी वाजवत होती, बुटांत पाणी शिरलेलं. सीताराम आणि पाड्यातली माणसं होडी घेऊन गेली. ओहोटीने अनंताला पार खडकांपलीकडे ओढून नेलं होतं. डोल जाळी बांधायला समुद्रात ठोकलेल्या खुंटाला मिठी मारून होता तो. आणला तेव्हा ओठ काळेनिळे, पोटातून पाणीच पाणी. त्याही अवस्थेत पहिलं काय बोलला माहीत आहे? "ताई, तो माणूस नाय सापडला."

आम्ही त्याला चादरीत गुंडाळत होतो तेवढ्यात विकी आला. हा विकी जेट्टी ते चौपाटी रिक्षा चालवतो, तोंड बंद राहत नाही त्याचं. "काय झालं? कोण बुडलं? कुणाच्या चपला?" त्याने ती जोडी बघितली आणि म्हणाला, "अरे, ह्या तर त्या काकांच्या! मघाशी माझ्या रिक्षात बसले ना. अनवाणी होते. मी म्हटलं, काका, चप्पल? तर म्हणतात, सोडून आलो. साडेसाती आहे, ज्योतिषाने सांगितलंय, शनी अमावास्येला पाण्याजवळ सोड आणि मागे वळून बघू नको. पिशवीत नवीन चपला होत्या यार त्यांच्या. जेट्टीवर पोचल्यावर घातल्या पण!"

मग माझाच तोल गेला. त्या काकाचा राग कोणावर काढणार, तो केव्हाच मार्व्याला उतरून चहा पीत असेल. मी संघमित्रावर धावून गेले. "तुझ्या चपलांपायी माझा भाऊ गेला असता! उद्यापासून दोरी नको माझ्या दारात. कापून टाकीन!"

"असं करतात लोक?" तिने हळूच विचारलं. "मुद्दाम सोडून जातात?"

"करतात! शनिवारी कुठल्याही मारुतीच्या देवळाबाहेर जाऊन बघ!"

"आमच्यात नाही ना शनी वगैरे. मला खरंच माहीत नव्हतं," ती म्हणाली. मला तर माहीत होतं. तरी त्या घाईत माझ्या डोक्यात आलं नाही, कोणाच्याच आलं नाही. एवढ्या मोठ्या पाड्यात एकालाही सुचू नये? पण उरलेली चप्पल बघितली की माणसाला एकच गोष्ट सुचते.

मी अनंताला घरी कोंडून घातला. "नोकरी सोड. मासे विक, भीक माग, पण ते नको." त्याचा खोकला थांबत नव्हता. खोकत खोकतच म्हणाला, "ताई, चप्पल उरली तर मी जाणारच. तू नको बघूस." असा हट्टी. मीच वाढवलाय, कोणाला बोलू?

मला वाटलं होतं दोरी गेली. पुढच्या सोमवारी बघते तर चौपाटीच्या फाटकापाशी एक निळं पिंप, आणि वर पाटी: सोडायच्या चपला इथे टाका. पाण्यात जाणाऱ्यांनी दोरीपाशी काढा.

मला हसू आवरेना. राग होता, तरी हसले. "अगं, शनीला घर बांधून दिलंस तू!"

"मी कोणाचं मन बदलायला नाही आले," ती म्हणाली. "त्यांना सोडायच्यात ना, सोडू देत. फक्त कुठे सोडायच्या ते मी सांगणार."

आणि पिंप भरायला लागलं हो! लोक लांबून लांबून यायला लागले. गाडीतून उतरायचे, चपला पिंपात, मागे न बघता परत. फाटकातून आत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते पिंप ओलांडावंच लागायचं, अशी जागा निवडली होती तिने. पंचाईत एकच होती, भरलेलं पिंप रिकामं कोण करणार? दुसऱ्याचा शनी अंगाला लागायचा म्हणून कोणी हात लावेना. मीपण नाही लावला, कशाला खोटं बोलू. संघमित्राच बाह्या सरसावून चपला पोत्यात भरायची. मी लांबून म्हणायचे, "सांभाळून गं, चिकटेल." तर ती ओरडायची, "चिकटू दे! सांगा त्याला, जोगेश्वरीला ये, आईच्या हातची भाकरी खाऊन जा!" कधी अहो-जाहोचं अगं-तुगं झालं ते आम्हाला दोघींना कळलं नाही.

अनंता परत कामावर गेला. दोरीपाशी त्यानंतर कोणी उगाच चप्पल सोडली नाही. पण मी शपथ घेतली होती. माझ्या तोंडाने मी त्याला कधी आत पाठवणार नाही. दुसरं कोणी पाठवू दे, मी नाही.

सगळं सुरळीत चाललं की कोणाच्या तरी डोळ्यात खुपतंच. कंपनीचे अनिरुद्ध साहेब आले, सोबत फोटो काढणारे. साहेब गॉगल वर करून म्हणाले, "हे काय? प्रत्येक फोटोत चपलांचा बाजार दिसतोय. आणि ते पिंप तर आधी उचला, लोक हसतील आपल्याला." त्यांना दोरीच्या जागी मोठाली रंगीत अक्षरं लावायची होती, लोकांनी समोर उभं राहून फोटो काढावेत म्हणून. संघमित्रा म्हणाली, अक्षरं लावा की, पलीकडे खूप जागा आहे, दोरी हलणार नाही. साहेब म्हणाले, हलणार. ती म्हणाली, नाही. वाद वाढला. शेवटी त्यांनी तिला चेंबूरच्या ऑफिसात बदलून टाकली. सोमवारपासून तिथे टेबलावर बसायचं, इथे नवा माणूस येणार.

तो तिचा शेवटचा रविवार. साहेब सकाळी येऊन गेले, पुन्हा तोंडातोंडी झाली, आणि ती सगळ्यांसमोर ओरडली, "टोपी, शिट्टी, बूट, सगळं तुमचंच आहे ना? संध्याकाळी इथेच ठेवून जाते. लखलाभ होवो तुम्हाला!" असं बोलताना मी तिला कधी ऐकली नव्हती. दिवसभर मग तिच्याशी बोलायची सोय नव्हती. मी दोनदा चहा पाठवला, दोनदा तसाच परत आला. वाटलं, जाताना येईलच, तेव्हा बोलू. मला एकादशी, तरी बांगड्याचं कालवण डब्यात भरून ठेवलं होतं तिच्या आईसाठी.

संध्याकाळची भरती चढत होती. पाणी शांत दिसत होतं, पण बघता बघता वर येत होतं. अनंता आणि कृणाल पलीकडच्या टोकाला एका दारुड्या टोळक्याला बाहेर काढत होते. शिट्टी झाली तशी माणसं आली, चपला घातल्या, गेली. मी न्हाण्या घासल्या, बादल्या पालथ्या घातल्या आणि सवयीने दोरीकडे नजर टाकली.

पार खडकांकडच्या टोकाला काळे बूट होते.

जवळ गेले. तिचेच. मोजे आत नीट खुपसलेले. आजूबाजूला ती कुठे दिसेना. विकी शेवटचं भाडं शोधत आला होता. बूट बघून टाळीच वाजवली त्याने. "आई शपथ! मॅडम बूट टाकून गेल्या! झकास! साहेबाच्या तोंडावर मारले की गं!" घोडेवाला म्हणाला, "सुटला एकदाचा शनी तिचा." सगळे हसले. मीपण हसले. आणि लगेच रागही आला. एवढी मैत्री, आणि जाताना साधी हाक नाही? कालवणाचा डबा तसाच पडलाय. गेलीस तर जा बाई, मी कोण तुझी?

"टाक ते पिंपात आणि घरी जा," विकी म्हणाला. "अंधार पडतोय."

मी बूट उचलले आणि तणतणत फाटकाकडे निघाले. पिंपापाशी पोचले, हात वर केला. समोर तिची पाटी.

सोडायच्या चपला इथे. पाण्यात जाणाऱ्यांनी दोरीपाशी.

ती गेली असती तर याच फाटकातून गेली असती. पिंप तिच्या वाटेत होतं. टाकायचेच असते बूट, तर इथे टाकले असते. तिनेच तर सगळ्यांना शिकवलं, काय कुठे ठेवायचं ते. आणि ती स्वतः चुकीच्या जागी ठेवून जाईल?

"विकी, मॅडम पाण्यात आहे!"

"काय पण! तिला पोहता कुठे येतं?"

"म्हणूनच ओरडतेय मेल्या! धाव!"

मी बूट हवेत हलवत अनंता होता त्या टोकाकडे धावले. गुडघे कुठे गेले, कोण जाणे. "अनंता! अनंता रे!" तो धापा टाकत आला. माझ्या हातातल्या बुटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. शपथ त्यालाही माहीत होती. तो वाट बघत उभा राहिला नाही, ट्यूब खांद्याला लावतच होता, पण मला ते म्हणायचंच होतं. ती असती तर तिने म्हटलं असतं, आणि ती आत होती.

"जा," मी म्हटलं. "खडकांकडे जा."

खडकांमागे होती ती. एक आजी आणि तिची नात फोटो काढायला पाणी कमी असताना चपला घालूनच पलीकडे गेल्या होत्या. भरती मधल्या वाटेत शिरली आणि त्या अडकल्या. संघमित्राला ते दिसलं तेव्हा पाणी मांडीपर्यंत होतं. लाइफगार्ड दुसऱ्या टोकाला, शिट्टी पोचत नव्हती. मग तिने बूट काढले, मोजे आत खुपसले, दोरीपाशी ठेवले आणि उतरली. पोचली खरी. परत यायला वाटच उरली नाही. अनंता गेला तेव्हा तिघी एका खडकावर एकमेकींना धरून उभ्या होत्या, पाणी छातीला लागलेलं, आणि ही बाई, जिला बादलीतलंच पाणी बरं, ती आजीला कमरेतून उचलून धरून होती.

मी आणि विकीने निळी दोरी बांबूंवरून सोडवली. कृणालने एक टोक आत नेलं, दुसरं आम्ही काठावरून धरलं, घोडेवाला आमच्या मागे. आधी नात आली. मग आजी आली, रामराम करत. ही सगळ्यात शेवटी, अनंताच्या पाठीवर.

वाळूत बसवली तिला. दातावर दात वाजत होते. केस चेहऱ्याला चिकटलेले, टोपी गेली, शिट्टी तेवढी गळ्यात. मी तिला घट्ट धरली आणि वाटेल ते बोलले. "अक्कल गहाण टाकलीस काय गं? पोहता येत नाय तर उतरलीस कशाला? तुझ्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं? मेली असतीस म्हणजे!" बोलत होते आणि रडत होते, थांबता येत नव्हतं.

तिने आधी आजी-नातीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, अगदी साध्या आवाजात, "बूट ठेवले होते ना दोरीपाशी. तू बघशील, माहीत होतं."

पिंपावर उचललेला हात मला अजून दिसत होता. मी तिचे पाय पदराने पुसले आणि बूट चढवले. तिच्या बोटांना नाडी धरवत नव्हती, म्हणून मीच बांधली, लहान पोराची बांधतात तशी. सारखा हलणारा तो पाय तेवढा वेळ गप्प होता.

बदली काही रद्द झाली नाही. सोमवारी ती चेंबूरला गेली, डबा घेऊन. नव्या मॅनेजरने दोरीला हात लावायचा प्रयत्न एकदा केला. पाड्यातल्या बाया त्याच्याशी बोलल्या, परत नाही केला. आणि रोज या वेळेला माझा फोन वाजतो. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. पहिला प्रश्न एकच: "शकु, दोरी?" मी रिकामी म्हटलं की मग इकडचं तिकडचं बोलायचं.

बघा, वाजला. थांब गं, थांब. नाही, अजून नाही. त्या टोकाला एक जोडी आहे, लाल पट्ट्यांची. तू फोन ठेवू नकोस, मी बघून येते.